काओर : फ्रान्सची ‘काळी’ वाइन

फ्रेंच रेड वाइन म्हटले की बोर्दो आणि बर्गंडी ही दोन नावे प्रथम पुढे येतात. नैऋत्य फ्रान्समधील काओर हे नाव मात्र जाणकारांखेरीज फारसे कुणाच्या ओठांवर नसते. ज्या माल्बेक द्राक्षामुळे आज अर्जेंटिनाच्या वाइनचा जगभर बोलबाला आहे, ते द्राक्ष मूळचे याच नैऋत्य फ्रान्सचे. लेकराने परदेशी नाव काढावे आणि घर विस्मरणात जावे, अशी काओरची कथा आहे.

काओर हे लॉ नदीच्या वळणात वसलेले जुने शहर. नदीकाठच्या खडीमिश्रित पायऱ्या-पायऱ्यांच्या जमिनीवर आणि वरच्या चुनखडीच्या पठारावर येथील द्राक्षमळे पसरले आहेत. काठाजवळच्या जमिनीतील वाइन तुलनेने मऊ व फळांच्या स्वादाची असते, तर पठारावरील वाइन अधिक ताठ आणि दीर्घकाळ टिकणारी असते.

द्राक्षाची जात

माल्बेकला या भागात ‘कॉ’ असेही म्हणतात. ‘काओर’ हे नाव लावायचे, तर वाइनमध्ये किमान ७० टक्के माल्बेक असावे लागते. उरलेल्या भागात केवळ मेर्लो आणि ताना या जातींना मुभा आहे. हे नाव फक्त रेड वाइनलाच मिळते. हे द्राक्ष तसे नाजूक. फुलोऱ्याच्या वेळी थंडी-पाऊस झाला की फळधारणा घटते आणि कडाक्याच्या थंडीचाही त्याला फटका बसतो.

संकटांची मालिका

मध्ययुगात काओरची गडद वाइन नदीमार्गे बोर्दो बंदरात जाऊन तेथून इंग्लंडला रवाना होत असे. मात्र बोर्दोच्या व्यापाऱ्यांना मिळालेल्या विशेष सवलतींमुळे, त्यांची स्वतःची वाइन खपेपर्यंत वरच्या भागातील मालाला ताटकळत राहावे लागे. हे निर्बंध १७७६ मध्ये उठले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने मळे उद्ध्वस्त केले. त्यातून सावरत असतानाच फेब्रुवारी १९५६ मधील भीषण थंडीत वेली गारठून मेल्या. शेतकऱ्यांनी पुन्हा लागवड केली, ती माल्बेकवर भर देऊनच. अखेर १९७१ मध्ये काओरला नियंत्रित उगमनामाचा दर्जा मिळाला.

दरम्यान, मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने १८५३ च्या सुमारास माल्बेकच्या वेली अर्जेंटिनात नेल्या होत्या. मेंडोझाच्या उंच, कोरड्या, उन्हाळ प्रदेशात त्या अशा रुजल्या की आज फ्रान्सपेक्षा कितीतरी अधिक माल्बेक तेथे पिकते.

चव

काओरचा रंग गर्द जांभळट, जवळजवळ काळा. म्हणूनच तिला ‘काळी वाइन’ हे नाव पडले. काळी बोरवर्गीय फळे, आलुबुखार, ज्येष्ठमध आणि किंचित मातीचा गंध ही तिची ओळख. मेंडोझाची माल्बेक गोलसर आणि मऊ लागते, तर काओरमध्ये आंबटपणा ठसठशीत आणि टॅनिनमुळे येणारा तुरटपणा सुपारी चघळल्यासारखा जिभेवर रेंगाळणारा. चांगल्या वर्षाची वाइन दहा वर्षे वा अधिक काळ मुरते आणि हा तुरटपणा मवाळ होतो. कोवळी बाटली असल्यास ती तासभर आधी उघडून दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवावी. तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस योग्य. आपल्याकडील उन्हाळ्यात याचा अर्थ काही वेळ फ्रिजमध्ये, असाच घ्यावा.

कशासोबत?

टॅनिनला स्निग्ध पदार्थांची जोड मानवते. म्हणूनच स्वतःच्याच चरबीत मंद शिजवलेले बदक, पांढऱ्या शेंगबिया व सॉसेज घालून केलेले कासुले, पठारावरील कोकराचे भाजलेले मांस हे येथील पारंपरिक सोबती. शाकाहारींनी अळंबीचे पदार्थ किंवा मुरलेले कडक चीज निवडावे. नाजूक माशांबरोबर ही वाइन धातूसारखी लागू शकते, तर झणझणीत रश्शाच्या तिखटाने तिचा तुरटपणा अधिकच बोचतो. त्यापेक्षा कमी तिखटाचे भाजलेले मटण तिला शोभून दिसते.

बाटली निवडताना मात्र ‘माल्बेक’ या शब्दावर न थांबता उगमाचे नावही वाचावे. द्राक्ष एकच असले तरी जमीन आणि हवामान यांमुळे पेल्यातील चव पुरती बदलते.