दगडांची वंशावळ

घराण्याची वंशावळ जपण्याची हौस आपल्या समाजांत कमी नाहीं. सिंदखेडच्या परिसरांत तर ती विशेषच, कारण जिजाबाईंचें माहेर तें. लखुजी जाधवांच्या घराण्याशीं आपलें नातें कोणत्या पिढींत जुळतें हें तेथील कित्येक वृद्ध गृहस्थ तोंडपाठ सांगतात. त्या सांगण्यांत थोडा पदरचा मजकूर असला, तरी वंशावळीचें मर्म त्यांस पुरतें कळलेलें असतें. मनुष्य कोठला, कोणाच्या हाताखालीं वाढला, कोणत्या प्रसंगांतून गेला, हें ठाऊक नसेल तर त्याच्याविषयीं उरतो तो केवळ तर्क. हाच न्याय आपल्या पायाखालच्या दगडाला लावावा असें मात्र आपणांस क्वचितच सुचतें. मलाही तें फार उशिरां सुचलें, आणि सुचलें तेंही एका शेतकऱ्यामुळें.

गेल्या उन्हाळ्यांत दुसरबीडकडील माझा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन घरीं आला. दुसरबीड हें सिंदखेड राजा तालुक्यांतील, मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. खडकपूर्णा नदी तेथून दूर नाहीं, आणि लोणारचें सुप्रसिद्ध सरोवरही त्याच टापूंतलें. वडिलांनीं जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधलेला एक दगड पिशवींतून काढून टेबलावर ठेवला. बाहेरून काळपट, आंतून पोकळ. आणि त्या पोकळींत मोत्याची झाक असलेले फिकट गुलाबी, चपटे स्फटिक दाटीनें बसलेले.

"आमच्या आबांनीं विहीर पाडली तेव्हां हा निघाला, सर. देव्हाऱ्याशेजारीं असतो. परवां एक व्यापारी येऊन गेला. पैसे देतो म्हणाला. द्यावा कीं नाहीं?"

मी इतिहासाचा अध्यापक. दगडाची जात ओळखणें माझें काम नव्हे. मीं आपला माझ्या धंद्यांतला प्रश्न विचारला, "विहीर कोणती? आणि साल कोणतें?" बापलेक एकमेकांकडे पाहूं लागले. शेतांत विहिरी तीन होत्या, आणि आबांना जाऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं.

भूगर्भशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनीं तो दगड भिंगाखालीं पाहून सांगितलें कीं हे स्फटिक ह्यूलंडाइट या खनिजाचे. त्याचें कूळ झिओलाइट. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजतांना त्यांतील वायूच्या बुडबुड्यांच्या जागीं पोकळ्या राहिल्या. पुढें दीर्घकाल खनिजें विरघळलेलें पाणी त्यांतून झिरपत राहिलें आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक चढत गेले. अशा पोकळ्यांनीं भरलेल्या खडकाला आपले विहिरी खणणारे लोक 'मांजऱ्या' म्हणतात. झिओलाइट हें नांव क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ मध्यें ठेवलें. त्याचा अर्थ उकळणारा दगड. कारण ज्वालेंत धरला असतां आंतील पाण्यामुळें तो फसफसतो.

ह्यूलंडाइट या नांवामागें कोणी प्रकांड पंडित असावा असें वाटेल. परंतु हेन्री ह्यूलंड (१७७८-१८५६) हा होता दगडांचा व्यापारी. जन्मानें जर्मन असलेल्या या गृहस्थानें लंडनमध्यें जुने संग्रह विकत घ्यावे, त्यांतील उत्तम नमुने निवडावे, लिलांव करावे, असा व्यवसाय आयुष्यभर केला. १८२२ मध्यें ब्रुक या इंग्रज स्फटिकशास्त्रज्ञानें या खनिजाला नांव देतांना त्या व्यापाऱ्याचें नांव निवडलें. ह्यूलंडनें जमविलेला एक मोठा संग्रह टर्नर नांवाच्या धनिकानें घेतला. आर्मां लेव्ही या फ्रेंच विद्वानानें त्याची तपशीलवार यादी तयार केली व ती १८३७ मध्यें तीन भागांत छापली गेली. (या लेव्हीचेंही नांव झिओलाइटांच्या कुळांत लेव्हिन या रूपानें राहिलें आहे.) पुढें तो संग्रह हेन्री लडलम या लंडनच्या होजिअरी-व्यापाऱ्याकडे गेला. त्यानें १८८० मध्यें मृत्युपत्रान्वयें आपला सर्व संग्रह सार्वजनिक संग्रहालयास दिला, आणि अखेर तो लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत विसावला.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून पाहावें. व्यापारी, धनिक, दुकानदार आणि मग राष्ट्र, अशा चार हातांतून हे दगड गेले. पण प्रत्येक हातानें मागच्या हाताची खूण पुसली नाहीं. दगडाला चिकटविलेला क्रमांक, यादींतील नोंद आणि सोबतची जुनी चिठी, हे तीन साक्षीदार एकत्र असले म्हणजे दीडशें वर्षांनींही दगड आपली हकीकत सांगूं शकतो. जुन्या संग्रहांतील नमुन्याला जाणते लोक अधिक किंमत देतात ती यासाठीं. सौंदर्य नव्या दगडालाही असतें. वंशावळ मात्र पैसा टाकून मागाहून निर्माण करतां येत नाहीं.

ह्यूलंड वारला त्याच १८५६ सालीं आपल्याकडे बोर घाटांत रेल्वेच्या चढणीचें काम सुरू झालें. जेम्स बर्कली हा मुख्य अभियंता. काम १८६३ मध्यें पुरें झालें. मध्यंतरीं एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर तेथें राबत होते, आणि पटकीनें व तापानें त्यांतील हजारों दगावले. ट्रेडवेल नांवाचा कंत्राटदार १८५९ मध्यें येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याच्या पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेलनें, तें कंत्राट तडीस नेलें. सुरुंगांनीं डोंगर फुटला तसे त्याच्या पोटांतील स्फटिकही उघडे पडले. ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट इत्यादींचे तत्कालीन नमुने युरोपांतील संग्रहालयांत आहेत. पुष्कळांच्या चिठ्यांवर 'बोर घाट' नाहीं तर नुसतें 'पूना' एवढींच अक्षरें आढळतात. कोणता बोगदा, कोणता थर, कोणाच्या पहारीखालीं दगड निघाला, याचा पत्ता नाहीं. अभियंत्याचें नांव इतिहासांत आलें, कंत्राटदारणीचें आलें, स्फटिक तर कांचेच्या कपाटांत गेला. पहार चालविणारा तेवढा बाहेर राहिला.

एका चिठीनें काय साधतें हें लोणारच्या उदाहरणावरून कळेल. ऐन-इ-अकबरींत लोणारचा उल्लेख असून काच व साबण करण्यास लागणारीं द्रव्यें तेथें मिळतात असें म्हटलें आहे. सरोवरांतून निघणाऱ्या क्षारांची प्रतवारी लावून तेथील लोकांनीं त्यांस डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं नांवें दिलीं होतीं. कामकऱ्यांच्या जिभेवरची ती एक शास्त्रशुद्ध यादीच होती म्हणावयाची! परंतु तें विवर झालें कसें, ज्वालामुखीमुळें कीं अशनीच्या आघातामुळें, हा वाद विसाव्या शतकांतही दीर्घकाल चालला. त्याचा निर्णायक पुरावा १९७३ मध्यें पुढें आला. भारतीय व अमेरिकन संशोधकांनीं लोणारच्या खडकांत मॅस्केलिनाइट दाखवून दिलें. फेल्डस्पार या खनिजाची अशी काच प्रचंड आघाताच्या दाबाखालीं बनते.

हें मॅस्केलिनाइट प्रथम ओळखलें गेलें कोठें? २५ ऑगस्ट १८६५ रोजीं बिहारांत शेरघाटी येथें एक अशनि पडला. त्याचे तुकडे जपले गेले आणि १८७२ मध्यें चेर्माक यानें व्हिएन्नांत त्यांतील हें द्रव्य निराळें काढून दाखविलें. ब्रिटिश म्युझियममधील खनिजविभागाचा प्रमुख नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन याचें नांव त्यानें त्यास दिलें. याच मॅस्केलिनच्या कारकीर्दींत, १८६० मध्यें, ॲलन आणि ग्रेग यांचा जुना व प्रसिद्ध संग्रह म्युझियमनें विकत घेतला होता. शेरघाटीचा दगड मुळांत मंगळावरून आला असें आज शास्त्रज्ञ मानतात. स्थळ व दिवस यांसह तो जपला गेला नसता तर कोणा जमीनदाराच्या ओसरीवर काळा धोंडा म्हणून पडून राहिला असता, आणि लोणारच्या प्रश्नाचा एक धागा तुटला असता.

हें सारें मी आतां शहाजोगपणें सांगत आहें. म्हणून माझ्या हातून घडलेली गोष्टही सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं ज्या एका महाविद्यालयांत मी होतों तेथें खनिजांचें एक जुनें सागवानी कपाट होतें. तो विषय बंद झाला होता आणि वर्गाला जागा हवी होती. सामान निकालीं काढण्यासाठीं त्रिसदस्य समिति नेमली गेली. तींत मी एक होतों. कपाट चांगल्या भावानें गेलें. खणांतील पिवळ्या पडलेल्या चिठ्या शिपायानें केरांत लोटल्या, आणि दगड बागेंतील वाफ्यांच्या कडेला मांडले गेले. ताम्रपटाचा तुकडा असता तर मीं आकाशपाताळ एक केलें असतें. येथें मात्र ठरावाखालीं मुकाट्यानें सही केली. त्या चिठ्यांवर काय लिहिलें होतें हें मीं वाचलेंसुद्धां नाहीं. कागदपत्रांच्या नाशाबद्दल मागच्या पिढ्यांस दोष देण्यांत माझी हयात गेली. परंतु ती सही माझी आहे.

आतां व्यापाराविषयीं. दगड विकणें म्हणजे भूमीची लूट, असें आपल्यापैकीं कित्येकांस वाटतें. परंतु आपल्याकडील बहुतेक स्फटिक निघतात ते विहिरींतून अथवा खडीसाठीं चालणाऱ्या खाणींतून. तेथें कोणी घेणारा नसेल तर त्यांचें भवितव्य खडी फोडण्याचें यंत्र हेंच. पुण्याजवळच्या वाघोलीचें उदाहरण घ्या. कॅव्हन्साइट हें गडद निळें खनिज प्रथम अमेरिकेंत ऑरेगनमध्यें १९६७ सालीं सांपडलें. पण त्याचे जगांतील सर्वोत्कृष्ट नमुने वाघोलीच्या दगडखाणींतून निघाले. व्यापाऱ्यांनीं ते उचलले म्हणून वांचले. सिन्नर येथें 'गारगोटी' नांवाचें खनिज-संग्रहालय आज उभें आहे, तेंही अशा वांचविलेल्या दगडांवरच. खरा दोष विक्रींत नसून मुकेपणानें केलेल्या विक्रींत आहे. गिऱ्हाईक फोडूं नये म्हणून दलाल खाणीचें नांव लपवितो किंवा भलतेंच सांगतो. पुढच्या हातीं तो खोटा पत्ता खरा होऊन बसतो. शिवाय खाणींत ज्यानें तो दगड जिवापाड सांभाळून काढला त्याच्या पदरीं पडणारा पैसा आणि शेवटल्या गिऱ्हाइकानें मोजलेली रक्कम यांत जमीनअस्मानाचें अंतर असतें.

ज्यांस हौस असेल, किंवा ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित असें कांहीं पडून असेल, त्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नवी चिठी लिहिली तरी जुनी फेंकूं नये. अक्षर, शाई व कागद हाही पुरावाच. दगडावरील क्रमांक खरवडून काढूं नये. विकत घेतांना स्फटिक व त्याखालचा खडक यांचा सांधा भिंगानें पाहावा. निळे कॅव्हन्साइट दुसऱ्याच दगडावर डिंकानें बसवून विकल्याचीं उदाहरणें आहेत. दगड उजळ दिसावा म्हणून आम्लांत बुडवूं नये; कांहीं झिओलाइटांचा त्यानें लगदा होतो. लोमोंटाइटसारखें खनिज तर कोरड्या हवेंत आंतील पाणी गमावून आपोआप भुगा होतें. आणि लोणारचा परिसर अभयारण्य आहे. तेथून दगड उचलून आणणें हा संग्रह नव्हे, अपराध होय.

दुसरबीडच्या त्या गृहस्थांस मीं इतकेंच म्हटलें, "विका कीं ठेवा, तो तुमचा प्रश्न आहे. पण आधीं घरांत जें कोणी वडील माणूस असेल त्याला विचारून याची हकीकत लिहून काढा." ते कांहींसे निराश होऊन गेले असें मला वाटलें.

महिन्याभरानें विद्यार्थ्याचें पत्र आलें. आजी अद्याप हयात होती. इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलेंच नव्हतें. तिनें विहीर सांगितली, साल सांगितलें, आणि खणणाऱ्याचें नांवही सांगितलें. कारण त्या दिवशीं त्याच्या अंगठ्याला पहार लागली होती व तिनेंच त्यावर हळद भरली होती. तिच्या सांगण्यावरून विद्यार्थ्यानें केलेल्या चिठीची नक्कल पत्रासोबत होती : 'ह्यूलंडाइट. मौजे दुसरबीड, तालुका सिंदखेड राजा, जिल्हा बुलढाणा. चिंचेजवळची विहीर, सहा परस खोल. १९७२ चा दुष्काळ.' त्याखालीं त्या खणणाऱ्याचें नांव होतें. मग आबांचें.

दगड विकावा कीं नाहीं, हें त्यांनीं अद्याप ठरविलेलें नाहीं.