शटर नसलेलं दुकान

वसमतची हळद विकायला आता मोंढ्यात गाळा लागत नाही. घरातली पुढची खोली, वजनकाटा, पाकिटाचं तोंड बंद करायचं मशीन, लेबल छापायचा छोटा प्रिंटर आणि दोन-तीन फोन एवढ्यावर हिंगोली जिल्ह्यातून पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात माल पोचवता येतो. हाताखाली चार माणसं पुरतात. एक पाकिटं भरतो, एक ऑर्डरी उतरवून घेते, एक गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते आणि चौथा कुरिअरवाल्याच्या मागे असतो. त्यातला एखादा मालकाचा भाचा किंवा चुलतभाऊ. पगाराची तारीख बहुधा ठरलेली असते. सुट्टीचा वार मात्र कोणी ठरवलेला नसतो, कारण ऑर्डर रात्री साडेअकरालाही येते आणि रविवारीही येते.

असा धंदा कागदावर आणायचा म्हणून मालक एक दिवस ‘गुमास्ता’ काढतो. बँकेत चालू खातं उघडायला तो कागद उपयोगी पडतो, एवढंच त्याला माहीत असतं. गुमास्ता हा मूळ फारसी शब्द, अर्थ ‘नेमलेला माणूस’. पेढीच्या वतीने परगावी खरेदी-विक्री करणारा, हिशेब ठेवणारा तो गुमास्ता. ईस्ट इंडिया कंपनीनेही विणकरांवर लक्ष ठेवायला पगारी गुमास्ते नेमले होते. म्हणजे गंमत बघा, लायसन्स मालकाच्या नावावर आणि लायसन्सला नाव नोकराचं! पण ते तसं चुकीचंही नाही. हा कायदा दुकानात राबणाऱ्या माणसासाठीच झाला होता.

त्याच्या आधीची गोष्ट मुंबईच्या गिरण्यांची आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं आणि जातं. सत्यशोधक चळवळीतला हा माणूस. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि नंतर मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. आजच्या भाषेत सांगायचं तर पार्सल आणि स्टॉक दोन्ही त्यांनी आतून पाहिलं होतं. पुढे ‘दीनबंधु’ पत्राची धुरा त्यांनी घेतली आणि १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. त्या वर्षी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाला सुरुवात आणि शेवट कधी ते ठरलेलं, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला पगार. या साध्या मागण्यांपैकी पहिली पदरात पडायला सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगार जमले, दोन बायका त्या सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

पण ती गिरणीपुरती. दुकानातल्या नोकराला कोण विचारतो? तो संख्येने थोडा, विखुरलेला आणि मालकाच्या घरचाच असल्यासारखा. ‘अरे, तू काय परका आहेस का’ या एका वाक्यात त्याची सुट्टी विरघळायची. मुंबई प्रांतात दुकानांसाठी कायदा आला तो १९३९ मध्ये आणि त्याच्या जागी नवा आला १९४८ मध्ये. हिंगोली तेव्हा या प्रांतात नव्हतीच. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतात आली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्याला जोडली गेली.

१९४८ च्या कायद्यातली एक युक्ती मला फार आवडते. त्याने नुसतं ‘नोकराला सुट्टी द्या’ असं म्हटलं नाही. आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवायला लावलं. कोणता वार ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचं, इन्स्पेक्टरला कळवायचं आणि दुकानात पाटी लावायची. शटर खाली आहे की वर, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. मालकाच्या चांगुलपणाचा प्रश्नच उरत नव्हता, आणि शेजारचाही बंद असल्यामुळे गिऱ्हाईक पळून जाण्याची भीती कमी व्हायची.

२०१७ च्या कायद्याने ते शटर वर केलं. दुकान वर्षाचे ३६५ दिवस चालू ठेवा, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग २४ तासांची सुट्टी द्या, दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास काम. हिशेब चोख होता. पण हा हिशेब तेव्हा लागू होता १० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे. त्याहून कमी असतील तर धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना दिली की काम झालं. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. वसमतच्या त्या खोलीतली चार माणसं १० च्या रेषेतही बसत नव्हती.

म्हणजे लोखंडेंनी गिरणीमालकांकडून काढून घेतलेला दिवस या खोलीत पुन्हा मालकाच्या मर्जीवर आला आहे. मालक दुष्ट असतो असं नाही. तो स्वतःही रविवारी फोन घेऊन बसलेला असतो. अडचण वेगळीच असते: लेबलचा प्रिंटर एकालाच चालवता येतो, परत आलेल्या पार्सलचा हिशेब एकीलाच कळतो. मग तिने मंगळवारी सुट्टी मागितली की धंदा अडतो, आणि ‘या मंगळवारी नको’ असं करत दिवाळी येते. ज्यांनी प्रत्येक काम दोघांना शिकवलं आणि वार आळीपाळीने वाटून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकले, त्यांची मंगळवारची पाकिटं बुधवारी जातात. हळद एका दिवसाने उशिरा पोचली म्हणून कुणाची आमटी अडत नाही.