तालमींतील गुरुपरंपरा

राजघराण्यांच्या वंशावळी बखरकारांनीं जपून ठेविल्या. परंतु ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या मुलांचीं शरीरें घडविलीं, त्या वस्तादांची वंशावळ लिहिण्याचे श्रम फारसे कोणी घेतले नाहींत. व्यायामशिक्षकाची विद्या मोठी विलक्षण आहे. कवीचें काव्य पोथींत राहतें, गवंड्याचें काम भिंतींत राहतें. वस्तादाची विद्या मात्र त्याच्या मनगटांत व मांड्यांत वास करते. ती दुसऱ्याच्या अंगांत उतरली नाहीं, तर त्याच्याबरोबरच सरणावर जाते. म्हणून या व्यवसायाच्या इतिहासांत कोण किती बलवान् होता, यापेक्षां कोणीं कोणाला शिकविलें, हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास नाशिक जिल्ह्यांतील एका लहानशा गांवीं यावें लागतें.

निफाडजवळचें कोठुरें हें तें गांव. बाळंभटदादा देवधर हे तेथील. त्यांचा जन्म इ. स. १७८० चा सांगतात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं निजामाच्या मुलखांतून अली व गुलाब हे दोन नामांकित मल्ल आले आणि त्यांनीं पुण्याच्या पहिलवानांना आव्हान दिलें. तें आव्हान कोवळ्या वयाच्या बाळंभटांनीं स्वीकारिलें, तयारीसाठीं कांहीं अवधि मागून घेतला, सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन अनुष्ठान केलें, आणि तेथें प्रत्यक्ष मारुतिरायानें त्यांस खांबावरील उड्या शिकविल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेंतील दैवी भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेविला, तरी एक गोष्ट उरते. विजयी मल्लाची कीर्ति सांगणाऱ्या लोकांनाहि त्याला गुरु दिल्यावांचून चैन पडलें नाहीं. कोणी माणूस सांपडला नाहीं, तेव्हां त्यांनीं साक्षात् हनुमंताला गुरुस्थानीं बसविलें.

मल्लखांब हा शब्द बाळंभटांहून पुष्कळच जुना. बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. परंतु जी कला मागें पडली होती, तिला शास्त्रशुद्ध वळण देऊन पुन्हां चालू करण्याचा मान परंपरा बाळंभटदादांस देते. अंग, मान आणि बोंड असे तीन भाग असलेला लांकडी खांब जमिनींत पुरावयाचा, त्याला एरंडेल चोळावयाचें, आणि प्रतिस्पर्धी समोर उभा आहे असें समजून त्याला भिडावयाचें. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे, ताजवे, सलाम्या हीं नांवें ऐकलीं म्हणजे ही कला केवळ उड्या मारण्याची नव्हे, हें ध्यानांत येतें. अढींतून उतरतांना पाय कोठें सुटावा, बगलींत दंडाची पकड कोठें बसावी, हें जागच्या जागीं दाखवावें लागतें. पहिल्यांदा उलटें होणाऱ्या मुलाच्या कमरेखालीं वस्तादाचा हात असतो. तो हात केव्हां काढून घ्यावयाचा, हें ज्याला कळलें, तोच खरा वस्ताद.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, आणि दरबाराच्या आश्रयावर जगणाऱ्या सर्वच कलावंतांवर प्रसंग गुदरला. गवयी दुसऱ्या संस्थानांत जाऊं शकत होता, लेखनिकाला कचेरी सांपडत होती. व्यायामगुरूला कोण विचारणार? बाजीराव ब्रह्मावर्तास गेला, त्याच्यामागून ही विद्याहि गंगाकांठीं गेली. बाळंभटदादा व त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचें नांव काशीच्या आखाड्याशीं जोडलेलें आहे. नानासाहेब पेशवे, झांशीची राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांनीं ब्रह्मावर्तास या परंपरेंत व्यायामाचे धडे घेतले, असें सांगतात. यांपैकीं तात्या टोपे हे मूळचे येवल्याचे, म्हणजे नाशिक जिल्ह्यांतलेच. राज्य गेलें, वेतन गेलें, तरी शिष्य होते. म्हणून विद्या राहिली. ज्या गुरूपाशीं नुसता आश्रयदाताच होता आणि शिष्य नव्हता, त्याचें नांवहि आज कोणाला ठाऊक नाहीं.

परंतु गुरुपरंपरेचे गुण गातांना तिचे दोष झांकणें योग्य होणार नाहीं. एका गुरूवर सारी भिस्त असली, म्हणजे त्याची मर्जी हाच नियम होतो. ठेवणींतला डाव वस्तादानें आवडत्या शिष्यालाहि सांगूं नये, अशी एक समजूत तालमींतून रूढ होती. ती पाळतांना कित्येक डाव कायमचे लोपले असतील. एका तालमीचा पठ्ठ्या दुसऱ्या तालमींत गेला, तर त्याला फितूर समजत. आणि ज्यानें उभें आयुष्य मुलें घडविण्यांत वेंचलें, त्याच्या म्हातारपणाची सोय कोणाकडेच नसे.

या कोंडींतून वाट काढण्याचें मोठें काम बडोद्यास झालें. तेथें जुम्मादादांचा आखाडा त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनीं पुढें चालविला. एकेका मुलाला शिकविण्याऐवजीं शेंकडों मुलांकडून एका वेळीं सांघिक व्यायाम करून घेण्याची पद्धति माणिकरावांनीं बसविली, आणि त्यासाठीं इंग्रजी हुकूम टाकून देशी भाषेंतील आज्ञा तयार केल्या. त्यांच्या हाताखालीं १९०७ ते १९१० या काळांत जगन्नाथ गणेश गुणे नांवाचा तरुण शिकला. हेच पुढें स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनीं १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली, आणि मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समितीचें अध्यक्षपदहि भूषविलें. गुरूचा मार्ग हठानें गिरवीत न बसतां शिष्यानें योगाची प्रयोगशाळा उघडली. चांगला गुरु शिष्याला आपली प्रतिकृति करीत नाहीं, याचें हें उत्तम उदाहरण होय.

याच काळांत गुरूच्या जोडीला मंडळें उभीं राहिलीं. अमरावतीस १९१४ मध्यें वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें; त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें खोखो, हुतूतू यांसारख्या खेळांचे नियम ठरवून छापले. बडोद्याचे आबासाहेब मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, आणि जे डाव गुरूच्या ओठांवर होते ते चित्रांसह कागदावर आणिले. १९३८ मध्यें सरकारनें कांदिवलीस व्यायामशिक्षकांसाठीं शिक्षणसंस्था उघडली. यामुळें शाळेंतील व्यायामशिक्षकाला प्रमाणपत्र मिळालें, प्रमाणपत्रामुळें नेमणूक मिळाली, आणि ‘ड्रिलमास्तर’ म्हणून ज्याची थट्टा होई, त्याला इतर शिक्षकांच्या पंगतींत पाट मिळाला. मंडळाच्या शिबिरांत एका गांवचा शिक्षक दुसऱ्या गांवच्या शिक्षकाला भेटूं लागला. मुलाचा खांदा निखळला तर काय करावें, मैदान नसेल तर कोणते खेळ घ्यावे, हे प्रश्न तो आतां एकटा सोडवीत नव्हता.

खुद्द नाशिक शहरांत महाबळगुरुजींच्या यशवंत व्यायामशाळेनें हा वारसा चालविला. बाळंभटदादांच्या जिल्ह्यांत मल्लखांबाची विद्या पोरकी झाली नाहीं, याचें श्रेय अशा व्यायामशाळांना आणि तेथें संध्याकाळ घालविणाऱ्या अनेक अनामिक शिक्षकांना आहे.

पुढचा काळ मंडळांचाच. १९८१ मध्यें मल्लखांबाचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. फेब्रुवारी २०१९ मध्यें मुंबईस शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि परदेशचीं मुलें-मुली खांबाला व दोरीला अढ्या घालूं लागलीं. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांस २०२४ मध्यें पद्मश्री मिळाली, ती खेळाडूला नव्हे, तर शिक्षकाला मिळाली, हें विशेष.

आज महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा संचालक नेमावयाचा, तर पदवी पाहतात, आणि तें उचितच आहे. पदवीमुळें त्याचा चरितार्थ कोणा एकाच्या मर्जीवर राहत नाहीं. परंतु पदवी घेऊन मैदानावर आलेल्या तरुणाला पहिल्या वर्षीं जो प्रश्न पडतो, तो परीक्षेंत विचारलेला नसतो. भ्यालेल्या मुलाला किती धीर द्यावा, उतावळ्याला केव्हां थांबवावें, हें अनुभवी माणसाच्या शेजारीं उभें राहूनच समजतें. मंडळ शिक्षकाला उभें राहण्यास जागा देतें. त्या जागेवर काय करावयाचें, तें गुरु दाखवितो. कोठुऱ्यापासून शिवाजी पार्कापर्यंत ही विद्या पोंचली, ती या दोहोंच्या आधारानें. नाशिकच्या ज्या तालमींत अजून जुनीं माणसें आहेत, तेथील तरुणांनीं त्यांचे डाव तर शिकून घ्यावेच. पण ते डाव त्यांस कोणीं शिकविले, त्यांचींहि नांवें विचारून लिहून ठेवावींत. वस्तादांची ती वंशावळ अद्याप पुरी व्हावयाची आहे.