सोबाला चिकटपणा दिला कुणी?

जपानी सोबा खायला सोपा, करायला महाकर्मकठीण. कारण एकच: ज्या पिठाचा तो करतात त्या पिठाला मुळात चिकटपणाच नाही. सोबा म्हणजे आपण ज्याला कुट्टू म्हणतो ते धान्य. (धान्य म्हणायचं आपलं, खरं तर ते गहू-तांदळाच्या कुळातलं नाहीच.) गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते, कुट्टूत ते नसतं. उपासाला कुट्टूच्या पुऱ्या करणारे उत्तरेतले लोक पिठात उकडलेला बटाटा नाहीतर अळकुड्या कुस्करून घालतात ते उगाच नाही. आता अशा पिठाची पुरी एकवेळ जमेल, पण हातभर लांब शेवई? ती जमवायला जपान्यांनी काय काय केलं, त्याचीच ही गोष्ट.

सोबा हे गरिबाघरचं पीक. हलक्या जमिनीत, थंड डोंगरउतारावर येतं आणि अडीचेक महिन्यांत हाताशी लागतं. इ.स. 722 मध्ये पाऊस दगा देतोय असं दिसल्यावर सम्राज्ञी गेन्शोने फर्मान काढून लोकांना सोबा पेरायला सांगितलं होतं. पण तेव्हा त्याच्या शेवया नव्हत्या. लोक त्याची पेज करत, पुढे उकडीसारखा गोळा करून खात. त्याला 'सोबागाकी' म्हणतात. कापलेल्या सोबाचा, म्हणजे 'सोबाकिरी'चा सगळ्यात जुना ज्ञात उल्लेख 1574 चा, तोही किसो खोऱ्यातल्या (आजचा नागानो प्रांत) जोशोजी नावाच्या मंदिराच्या दप्तरात. म्हणजे दुष्काळी पीक ते शेवई या प्रवासाला साडेआठशे वर्षं लागली!

पुढे एडो शहरात (आजचं तोक्यो) सोबाच्या गाड्या सुरू झाल्या आणि अठराव्या शतकात 'नि-हाची' हे नाव रूढ झालं. नि म्हणजे दोन, हाची म्हणजे आठ. दोन भाग गहू, आठ भाग सोबा, असा एक अर्थ लावतात. दुसरा अर्थ दोन आठे सोळा, म्हणजे वाडग्याची किंमत सोळा मोन. वाद अजून मिटलेला नाही, पण गव्हाची युक्ती मात्र टिकली.

खरी गंमत शहराबाहेर आहे. जिथे जे हाताशी होतं त्याने लोकांनी पीठ बांधलं. निइगाताकडे कापड विणणारे सुताला खळ द्यायला 'फुनोरी' नावाचं समुद्री शेवाळ वापरत. तीच खळ सोबात गेली आणि 'हेगी सोबा' झाला. नागानोतल्या इइयामा भागात एका रानवनस्पतीच्या पानांचे तंतू घालतात. आणि डोंगरात जिथे कंद मिळे, तिथे तो किसून घातला.

हा कंद म्हणजे जिनेन्जो, आपल्या कोनफळाचा आणि करांद्याचा चुलतभाऊ. रानात तो जमिनीत मीटरभर खोल जातो, न मोडता खणून काढणं हे कसबाचं काम. किसला की असा बुळबुळीत आणि चिवट लगदा होतो की चमच्याबरोबर अख्खा वर यावा. याला म्हणतात तोरोरो. तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावर मारिको हा विसावा मुक्काम, तो तोरोरोसाठीच प्रसिद्ध. हिरोशिगेच्या चित्रात तिथली चहाची टपरी आणि तोरोरोची पाटी दिसते, बाशोच्या एका हायकूतही मारिकोचं तोरोरो आहे. जिप्पेन्शा इक्कूच्या विनोदी प्रवासकथेत तर इथे नवरा-बायको भांडतात, तोरोरो सांडतं आणि सगळे घसरून पडतात. बुळबुळीतपणाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक काय हवं!

घरी करायचं असेल तर सुरुवात नि-हाचीने करावी: 400 ग्रॅम सोबाचं पीठ, 100 ग्रॅम मैदा, पाणी पिठाच्या निम्म्याहून थोडं कमी. कंद घालणार असाल तर पाणी आणखी कमी, कारण त्याच्यात ते भरपूर असतंच. पाणी थोडं थोडं घालत बोटांनी फिरवायचं, आधी रवाळ होऊ द्यायचं, मगच मळायचं. लाटून, घडी घालून, पातळ कापून उकळत्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट, की लगेच गार पाण्यात. वरून पुन्हा कच्चं तोरोरो. कंद किसताना हात खाजतात, अळूसारखेच, आणि उपायही ओळखीचाच: आंबट. ते व्हिनेगरच्या पाण्यात बुडवतात, आपण चिंच घालतो. फक्त जपानी कंद कच्चा चालतो म्हणून आपलं कोनफळ किंवा करांदा कच्चा किसून खाऊ नका. आणि सोबाची ॲलर्जी काहींना जिवावर बेतेल इतकी असते, पाहुण्यांना आधी विचारा.

आज 'जूवारी', म्हणजे शंभर टक्के सोबाचा मोठा मान आहे. ते करणं कौशल्याचं आहे यात वादच नाही. पण त्यामुळे गहू, कंद, शेवाळ म्हणजे भेसळ असं वाटायला लागतं, ते मात्र पटत नाही. आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. तात्पुरता म्हणून केलेला आणि पुढे सगळा डोलारा ज्याच्यावर उभा राहिला तो. ज्यांच्याकडे चांगली जमीन नव्हती, गहू नव्हता, त्यांनी रानात आणि मागावर जे सापडलं त्यातून शेवई उभी केली. त्या शेवईत त्यांचं गाव ओळखू येतं. मग शुद्ध कशाला म्हणायचं, तुम्हीच सांगा.