शयनसाहित्याची नावे : वऱ्हाडी घरातील शब्दांचे थर

मलकापूर-बुलढाणा मार्गावरील मोताळा हे वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातील गाव. या भागातील घरांत निजण्याच्या साहित्यास जी मराठी नावे रूढ आहेत, त्यांत इतिहासाचे दोन थर दिसतात.

पहिला थर संस्कृत-प्राकृत परंपरेचा होय. अमरकोशात मंच, पर्यंक, पल्यंक व खट्वा हे शब्द एकत्र येतात. त्यांपैकी मंच, पल्यंक व खट्वा यांपासून माचा, पलंग व खाट हे शब्द आले. आस्तरणाचे अंथरूण झाले, प्रावरणाचे प्राकृतातून पांघरूण, आणि उच्छीर्षकाची उशी.

दुसरा थर फारसीचा : चादर, तक्या, रजई. बहमनी राजवटीपासून फारसी ही या प्रदेशी दरबाराची भाषा होती, इ. स. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेल्यावर तिचे स्थान अधिकच दृढ झाले.

तथापि या शब्दांवरून पूर्वी येथे बिछाना नव्हता असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. नव्या शब्दांनी जुन्यांस हुसकावले नाही. उशी डोक्याखाली राहिली, तक्या बैठकीत पाठीशी गेला. पांघरूण हे सामान्य नाव टिकले, रजई त्याचा एक प्रकार ठरली.

आज आलेला ‘बेड’ मात्र निराळा आहे. तो खाट, पलंग आणि बाळंतिणीची बाज या सर्वांची जागा एकटाच घेतो. बाज विणणारे हात आहेत तोवर तिच्या भागांची नावे टिपून ठेवणे अगत्याचे आहे.