कुठे आहात? : उपग्रह आणि रस्त्यावरची हाक

रात्रीच्या वेळी महामार्गावर एक गाडी उलटते. कोणीतरी मदतीसाठी फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कुठे आहात?" उत्तर सोपे नसते. माणूस परगावचा, सगळीकडे अंधार, जवळ ना गाव ना पाटी. जखमी बेशुद्ध असेल, तर उत्तर द्यायलाच कोणी नसते. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. जबर जखमी माणसाचे भवितव्य बरेचदा मदत किती मिनिटांत पोचते यावर ठरते. म्हणून 'कुठे?' या प्रश्नाचे उत्तर गाडीनेच द्यावे, ही कल्पना पुढे आली. तिचा इतिहास आपण पाहू.

शिट्टीवरून लागलेला शोध

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोघे तरुण शास्त्रज्ञ त्याचा 'बीप बीप' संदेश ऐकू लागले. स्टेशनात न थांबता जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी जवळ येताना चढ्या स्वरात आणि दूर जाताना उतरत्या स्वरात ऐकू येते, हे आपल्या अनुभवाचे आहे. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. उपग्रहाच्या रेडिओलहरींतही तो दिसला आणि त्यावरून या दोघांनी स्पुटनिकची कक्षा शोधून काढली.

पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. आपली जागा माहीत असताना उपग्रहाची कक्षा कळते. मग कक्षा माहीत असेल तर आपली जागा का कळू नये? यातून 'ट्रान्झिट' ही उपग्रहमालिका जन्माला आली. १९६४ पासून अमेरिकेच्या पाणबुड्या तिच्या साहाय्याने आपले स्थान काढू लागल्या. मात्र त्यासाठी उपग्रह माथ्यावरून जाईपर्यंत वाट पाहावी लागे. धावत्या मोटारीला हे कसे परवडणार?

ही अडचण जीपीएसने दूर केली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ साली यंत्रणा पूर्ण झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचा प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत सांगत असतो. संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून आपले त्याच्यापासूनचे अंतर निघते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकते! म्हणून उपग्रहात अणुघड्याळे असतात. जागा ठरवायला तीन अंतरे पुरतात; आपल्याकडच्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. अमेरिकी लष्कर नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ते मे २००० मध्ये थांबले आणि शंभर मीटरपर्यंतची चूक दहा-वीस मीटरवर आली.

ऐकणे वेगळे, सांगणे वेगळे

येथे वर्गात हमखास आढळणारा एक गैरसमज दूर केला पाहिजे. जीपीएसचा उपग्रह आपल्या गाडीला 'पाहत' नाही. तो फक्त बोलतो आणि गाडी ऐकते. गाडीला स्वतःची जागा कळली, तरी ती इतरांना कळवण्यासाठी दुसरी वाट लागतेच.

अमेरिकेत मालमोटारींसाठी ही वाटही उपग्रहातूनच काढली गेली. १९८८ साली क्वालकॉम कंपनीच्या 'ऑम्निट्रॅक्स' यंत्रणेने ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहांमार्फत चालक आणि कचेरी यांच्यात छोटे संदेश सुरू केले. १९९६ साली जनरल मोटर्सच्या 'ऑनस्टार'ने वेगळी जोडणी केली. जागा जीपीएसकडून घ्यायची आणि निरोप मोबाइलवरून द्यायचा. धडकेत एअरबॅग फुगली की गाडी आपणहून मदतकेंद्राला फोन करी. पण २००८ च्या सुमारास तेथील जुने अ‍ॅनालॉग मोबाइल जाळे बंद झाले आणि कित्येक जुन्या गाड्यांतली ही यंत्रे मुकी झाली. उपग्रह बोलतच होते. जमिनीवरचा दुवा तुटला होता.

युरोपीय संघाने ही सोय कायद्यात आणली. ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या प्रकारांना 'ई-कॉल' सक्तीचे झाले. जोराची धडक बसताच गाडी ११२ क्रमांकाला जागा, वेळ आणि प्रवासाची दिशा कळवते. दिशा कशासाठी? दुभाजक असलेल्या रस्त्यावर रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने आली, तर पुढच्या वळणापर्यंत हेलपाटा पडतो.

आपल्याकडे

भारतात १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, काही अपवाद वगळता, स्थान कळवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण बसवणे आवश्यक झाले. पाऊल योग्यच होते. परंतु २०२२ च्या मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. शिवाय पायी चालणारेही होतेच. त्यांच्यापाशी असले यंत्र नसते. त्यांच्या वतीने 'कुठे?'चे उत्तर देणार तो रस्त्यावरचा दुसरा माणूस. अशा मदत करणाऱ्या माणसाला पोलीस-कोर्टाच्या जाचापासून संरक्षण देणारी तरतूद २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत आहे, हेही विद्यार्थ्यांना ठाऊक हवे.

म्हणून जीपीएस शिकवताना एक साधा पाठ जोडावा, असे आम्हाला वाटते. शाळेजवळच्या रस्त्यावर मुलांना किलोमीटरचा दगड वाचायला न्यावे. पिवळ्या माथ्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा. मग फोनवर सांगतो तसे सांगायला लावावे : रस्ता कोणता, दगडावर आकडा कोणता, गाडी कोणत्या गावाकडे चालली होती. ई-कॉल जे सांगते, जवळपास तेच आपला विद्यार्थी सांगू शकेल, आणि त्याला मोबाइलचे एवढे जाळे पुरेल.