एका भेटीच्या पुस्तकाची हकीकत

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपल्या मंडळाचे पुस्तकांचे कपाट उभे राहिले. ह्या कपाटावरून मागील दोन बैठकींत आपल्यात काय बोलाचाली झाली ती सर्व भगिनींना ठाऊक आहेच. नेलेली पुस्तके वेळेवर परत येत नाहीत; आली तरी पाने दुमडलेली आणि हळदीचे डाग पडलेली. तेव्हा कपाटाला कुलूप लावावे, वाचायचे असेल तिने तेथेच बसून वाचावे, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्या ताईंचा हेतू चांगला आहे ह्यात शंका नाही. तरी हात वर करण्यापूर्वी एका पुस्तकाची हकीकत ऐकून घ्यावी, एवढी माझी विनंती आहे.

ते पुस्तक म्हणजे कृष्णराव अर्जुन केळूसकर ह्यांचे ‘गौतम बुद्धाचे चरित्र’. केळूसकर हे कोकणचेच, वेंगुर्ल्याकडील केळूस गावचे. मुंबईत शाळामास्तर म्हणून त्यांनी आयुष्य काढले आणि शिकवून उरलेला वेळ ग्रंथ लिहिण्यात घालविला. हे चरित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी मराठीत बुद्धाविषयी वाचावयास मिळणे कठीण होते. बाजूच्या गोव्यात धर्मानंद कोसंबी नावाचा तरुण बुद्धासाठी वेडा झाला, तोही ‘बालबोधमेवा’ ह्या मुलांच्या मासिकातील एक लहानसे चरित्र वाचून. पुढे घरदार सोडून ते नेपाळ, सिंहलद्वीप असे हिंडले आणि पाली भाषेचे मोठे पंडित झाले. चार पानांच्या मजकुराने माणूस कुठच्या कुठे जातो, तो असा.

केळूसकरांचे पुस्तक एका मुलाच्या हाती कसे पडले, ही हकीकत बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ ह्या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात छापली गेली नव्हती, पुढे ती वाचकांस मिळाली. तीत ते सांगतात की, आपण इंग्रजी चौथीची परीक्षा उतरलो तेव्हा वस्तीतील मंडळींना सभा भरवून कौतुक करावेसे वाटले. वडील रामजी सुभेदार काही केल्या तयार होईनात. पोरगा एक परीक्षा पास झाला, त्यात एवढे काय. उगाच डोके चढेल, असे त्यांचे म्हणणे. मग मंडळी केळूसकरांकडे गेली, कारण दादा केळूसकर हे वडिलांचे स्नेही. त्यांनी मित्राची समजूत घातली, सभा झाली, अध्यक्षस्थानी केळूसकरच होते. आणि भाषण संपल्यावर त्यांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले.

चरित्रकार धनंजय कीर ह्यांनी मात्र ही सभा १९०७ सालची, म्हणजे मॅट्रिकच्या यशानंतरची सांगितली आहे, आणि अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले ह्यांचे नाव दिले आहे. चर्नी रोडच्या बागेत नेमाने वाचीत बसणारा मुलगा पाहून केळूसकरांनी त्याची चौकशी केली व ओळख वाढविली, असेही ते सांगतात. चौथी की मॅट्रिक, अध्यक्ष केळूसकर की बोले, ह्या बाबतीत दोन्ही हकीकती जुळत नाहीत. पण भेट कोणी दिली आणि कोणते पुस्तक दिले, ह्याविषयी दोन्हीकडे एकच उत्तर आहे. मला वाटते, माणसाला सभा विसरता येते, पण हातात पडलेले पुस्तक विसरता येत नाही.

त्या पुस्तकाने मुलाच्या मनात पहिली गोष्ट कोणती केली, तर प्रश्न उभा केला. घरी रामायण-महाभारताचे वाचन शिस्तीने होत असे. हे सारे वाचावयास लावणाऱ्या वडिलांनी बुद्धाची ओळख आपल्याला का करून दिली नाही, असे त्याला वाटू लागले. तो वडिलांशी वाद घालू लागला. वडिलांनी कर्णाचा दाखला दिला, वाल्मीकीचा दिला. हलक्या समजल्या गेलेल्या कुळांतील माणसे केवढी मोठी झाली ते पाहा, म्हणाले. मुलाचे समाधान झाले नाही. केळूसकरांच्या पुस्तकाचा हात धरून आपण बुद्धाकडे वळलो, असे त्यांनी पुढे स्वच्छ लिहिले आहे. त्या भेटीपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे गेली. एवढी वर्षे ते बी जमिनीत होते.

केळूसकर पुस्तक देऊन थांबले नाहीत. इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण अडले, तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

भगिनींनो, आता ह्या हकीकतीतील अशी एक गोष्ट सांगते की, जी पुस्तकांत एखाददुसऱ्या ओळीत येते आणि आपण भर्रकन वाचून पुढे जातो. रामजी सुभेदारांना पेन्शन बेताचे. मुलाला पुस्तक हवे झाले की, ते मुंबईत दिलेल्या आपल्या लेकींकडे जात. एकीकडे पैसे नसले तर दुसरीकडे. आणि तेही नसले तर लेक अंगावरचा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि पेन्शन हाती आले की दागिना सुटे. केळूसकरांचे नाव सर्वांना माहीत आहे, ते असावेच. पण ज्यांच्या दागिन्यांवर पुस्तके घरात आली त्या बहिणी सासरी कोणाला काय सांगत असतील, गळा किंवा हात रिकामा का असे विचारले तर काय उत्तर देत असतील, ह्याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्या तालुक्याचाही ह्याच्याशी संबंध आहे. कीरांनी ज्या बोल्यांना त्या सभेचे अध्यक्ष म्हटले, त्यांनीच १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आणला. त्याला धरून महाड म्युनिसिपालिटीने चवदार तळे खुले केल्याचे ठरविले, आणि कागदावरचा ठराव २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेऊन खरा केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात परिषदेसाठी ते पुन्हा महाडास आले, तेव्हा स्त्रियांची वेगळी सभा घेऊन त्यांनी सांगितले की विद्या काही पुरुषांसाठीच नाही, मुलींना शिकवा; आणि हातभर कथलाचे-चांदीचे दागिने घालणे सोडा. ज्याच्या बहिणींनी दागिने काढून दिले होते, त्याच्या तोंडचे हे बोल होते.

महाडला जाता-येता गांधारपाल्याची लेणी आपल्याला दिसतात. सुमारे तीस लेणी, त्यांत ब्राह्मी अक्षरांतले लेखही आहेत. शेकडो वर्षे ती डोंगरात उभी होती, पण खालून जाणाऱ्याला ती कोणाची, कशासाठी, हे सांगणारे कोणी राहिले नव्हते. डोंगर जागचा हलत नाही. हलले ते पुस्तक, आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेले.

बाबासाहेबांनीही पुढे तेच केले. बौद्ध धर्मावर वाचण्याजोगे पुस्तक सांगा, असे लोक त्यांना विचारीत. तेव्हा मद्रासकडील प्रा. लक्ष्मी नरसू ह्यांचे १९०७ साली निघालेले आणि दुर्मिळ झालेले पुस्तक त्यांनी १९४८ साली आपली प्रस्तावना जोडून पुन्हा छापविले.

आता घरची गोष्ट. मी तुडीलला सून म्हणून आले तेव्हा सासूबाई आणि शेजारच्या काकी वर्षावासात रोज रात्री ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचीत. वाचीत म्हणजे काकी वाचीत आणि सासूबाई ऐकत, कारण सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पुस्तक काकींचे, त्यांच्या यजमानांनी मुंबईहून ट्रंकेतून आणलेले. कंदील आणि रॉकेल आमचे. “तिचं पुस्तक, माझा उजेड,” असे सासूबाई म्हणत. काकी गेल्या तेव्हा त्यांच्या लेकीने ते पुस्तक आपल्या मंडळाला दिले.

तेच पुस्तक २०२१ च्या जुलैमध्ये महाडच्या एका मैत्रिणीने वाचावयास नेले होते. २२ जुलैच्या रात्री पूर आला. तिचा संसार चिखलात गेला, आणि तरी आठवड्याने भेटलो तेव्हा तिने पहिली माफी मागितली ती पुस्तकाची. तिने ते पान पान सुटे करून वाळविले होते. आज कपाटात सर्वांत फुगलेले, तपकिरी पडलेले पुस्तक दिसते ते हेच. कुलूप असते तर ते वाचले असते, हे मी मान्य करते. पण मग त्या वर्षी ते कोणी वाचलेही नसते.

म्हणून माझे मत असे: वही ठेवू, नेणारीचे नाव आणि तारीख लिहू, जुन्यांना पुठ्ठे घालू. फाटले तर शिवू. कुलूप मात्र नको. आणि भगिनींनो, वहीत नेणारीच्या नावापुढे आणखी एक रकाना आखू या: हे पुस्तक वाच, असे तिला कोणी सांगितले. ती नावे आजवर कोणी लिहून ठेवली नाहीत. आपण ठेवू.